आठ बाय पाच फुटांवरची खडकीची लढाई

ज्या खोलीविषयी हे लिहीत आहे तिला पाटी नाही आणि नावही नाही. नारायण पेठेतील एका जुन्या इमारतीचा दुसरा मजला, दाराबाहेर चपलांची गर्दी आणि आत आठ बाय पाच फुटांची दोन टेबले, एवढीच तिची ओळख. अर्ध्या इंचाहूनही बुटक्या, रंगवलेल्या शिपायांच्या फौजा येथे मांडता येतात आणि फासे टाकून, मोजपट्टीने अंतरे मोजून इतिहासातल्या लढाया नव्याने लढता येतात. युरोपात हा छंद जुना आहे. आपल्याकडे त्याचा सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणजे दिवाळीत अंगणात बांधलेला किल्ला आणि त्यावर उभे केलेले, कुंभारवाड्यातून आणलेले मातीचे मावळे. मात्र दिवाळीतला मावळा चार दिवस एकाच बुरुजावर मुकाट उभा राहतो. येथला शिपाई चालतो, बिथरतो, पळतो आणि बऱ्याचदा सांगितलेले ऐकत नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी दोन मित्र आणि कॉलेजात शिकणारा भाचा यांच्यासह तेथे गेलो होतो. चार तासांच्या सत्राला टेबलामागे अठराशे रुपये पडतात. त्यात फौजा, फासे, मोजपट्ट्या, दोन वेळचा चहा आणि पंच म्हणून स्वतः चालक, एवढे सगळे मिळते. चालक पेशाने ड्राफ्ट्समन होते आणि निवृत्तीनंतर त्यांनी हा उद्योग आरंभला आहे. शिपाई घरच्याच थ्रीडी प्रिंटरवर छापले जातात आणि रंगवण्याचे काम ते व त्यांच्या पत्नी मिळून करतात. नियम मूळचे इंग्रजी असले तरी त्यांवर त्यांनी मराठीत सोळा पानांची पुरवणी लिहिली आहे. त्या पुरवणीत ‘मनोधैर्य-कसोटी’ असा भारदस्त शब्द योजलेला असला, तरी प्रत्यक्ष टेबलावर सगळे जण ‘बिथरली का?’ एवढेच विचारतात.

दाराशी एक लांब वही ठेवलेली असते. आपल्याला कोणती लढाई टेबलावर मांडून पाहायची आहे, ते येणाऱ्याने तीत लिहावे अशी पद्धत आहे. चहा येईपर्यंत मी ती वही चाळली आणि अपेक्षेप्रमाणे पानामागून पानावर पानिपतच आढळले. कोणी नुसते ‘पानिपत’ लिहिले होते, कोणी ‘पानिपत, पण आपण जिंकणारे’ असे लिहिले होते, आणि एकाने ‘भाऊसाहेब हत्तीवरून न उतरता’ अशी अट घातली होती. चालकांकडे पानिपत नाही. का नाही, असे विचारल्यावर त्यांनी वहीच्या मागच्या पानावर केलेला हिशेब दाखवला, आणि तो हिशेब हेच माझ्या मते या खोलीला भेट देण्याचे पहिले सबळ कारण आहे.

त्यांच्या मापात एका बेसवर, म्हणजे पुठ्ठ्याच्या छोट्या पट्टीवर, आठ पायदळ शिपाई किंवा चार स्वार चिकटवलेले असतात आणि असा एक बेस दोनशे माणसांच्या जागी धरला जातो. १४ जानेवारी १७६१ रोजी दोन्ही बाजूंचे नुसते लढणारे मोजले तरी आकडा लाखाच्या घरात जातो. म्हणजे पाचशे बेस झाले. एवढे शिपाई चिकाटी असेल तर दोनतीन वर्षांत रंगवून होतीलही. खरी अडचण बुणग्यांची आहे. मराठ्यांच्या छावणीत लढणाऱ्यांहून न लढणारेच अधिक होते. बायकामुले, यात्रेकरू, बाजारकरी, बैल, पालख्या असा सारा पसारा मध्ये घेऊन, तोफा आणि इब्राहिमखानाचे गारदी यांच्या आधाराने गोल बांधून शत्रूची फळी फोडायची, असा तो बेत होता. बुणगे टेबलावर नसले तर भाऊसाहेबांची भूमिका करणारा खेळाडू मोकळा होतो, त्याचे स्वार वाटेल तिकडे दौडू लागतात, आणि मग जे काही खेळले जाते ते पानिपत उरत नाही. जगात शिपाई विकणारे पुष्कळ आहेत. पालखी उचलून पळणारे भोई, बैलाचे दावे धरून उभी असलेली बाई किंवा उपासाने बरगड्या निघालेले घोडे मला तरी कोठे विकायला दिसलेले नाहीत. चालक म्हणाले, “मी आधी दोन हजार बुणगे रंगवीन, मग पानिपत मांडीन.” हे वाक्य त्यांनी हसत म्हटले नाही.

वहीतल्या इतर इच्छाही वाचण्यासारख्या होत्या. कोणा अभ्यासू माणसाने ‘पालखेड, १७२८’ असे लिहिले होते. युद्धशास्त्राच्या दृष्टीने ती निवड उत्तम आणि टेबलाच्या दृष्टीने अशक्य आहे, कारण पालखेडला थोरल्या बाजीरावांनी निजामाला लढाईत हरवले असे म्हणण्यापेक्षा लढाईची वेळच येऊ दिली नाही, असे म्हणणे अधिक खरे आहे. निजामाला तोफखान्यापासून दूर ओढत आणून, पाणी आणि रसद तोडून असे कोंडले की अखेर त्याला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. ही मोहीम नकाशावर खेळता येईल. टेबलावर मात्र फौजा मांडेपर्यंत खेळ संपलेलाच असेल. ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई याच्या बरोबर उलट आहे. पेशवे, शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन अशी मराठ्यांची सगळी निशाणे शेवटची एकत्र आली ती तेथेच. समोर निजामाच्या बाजूने फ्रेंच सरदार रेमाँ याच्या कवायती पलटणी होत्या, तर शिंद्यांच्या कवायती पलटणी पेराँच्या हाताखाली होत्या. रंगवणाऱ्याला याहून मोठी पर्वणी नाही. प्रत्यक्ष झुंज मात्र थोडकी झाली आणि निजाम रात्रीच खर्ड्याच्या किल्ल्यात जाऊन बसला. त्यामुळे दोन वर्षे रंगवलेली फौज अर्ध्या तासात आवरून ठेवावी लागते.

पावनखिंड अनेकांनी लिहिली आहे आणि ती येथे उपलब्धही आहे, लहान टेबलावर आणि मोठ्या आकाराच्या शिपायांसह. माणसे मोजकी असल्यामुळे तेथे एक शिपाई म्हणजे एक माणूस, असे प्रमाण ठेवता येते. बाजीप्रभूंच्या बाजूने खेळणाऱ्याला जिंकायचे नसतेच. विशाळगडावरून तोफांचे आवाज येईपर्यंत खिंड राखायची असते, आणि ते आवाज कोणत्या फेरीत येतील हे फाशावर ठरते. ही कल्पना चांगली आहे. पण खिंडीच्या दुसऱ्या टोकाशी बसणाऱ्याला पुनःपुन्हा तोच हल्ला करण्यापलीकडे काहीच करायचे नसते, हे चालकही मान्य करतात.

वॉटर्लू मागणारेही थोडे नाहीत. त्या मागणीवर चालकांनी मला विल्यम सिबोर्न या ब्रिटिश अधिकाऱ्याची हकीकत ऐकवली. त्याने वॉटर्लूच्या रणभूमीची पाहणी करून सुमारे सत्तर हजार शिपायांची एक प्रचंड प्रतिकृती उभारली. १८३८ मध्ये ती लंडनमध्ये लोकांपुढे आली आणि आज तेथील नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. ती घडत असताना प्रशियन सैन्य कोठे आणि किती दाखवायचे यावरून मोठी कुरबुर झाली, कारण संध्याकाळी सात वाजता प्रशियन किती पुढे आले होते यावर विजयाचे श्रेय कोणाला किती, हे ठरणार होते. शिपाई टेबलावर ठेवणे म्हणजे इतिहासातल्या एका बाजूने साक्ष देणे आहे, हे त्यांना त्यावरून सांगायचे होते. मला ते पटले, आणि पुढच्या चार तासांत मी त्यांची साक्ष त्याच काट्याने तपासली.

आम्ही निवडली खडकी. पेशवे विरुद्ध इंग्रज, दिनांक ५ नोव्हेंबर १८१७. ही लढाई निवडण्याचे एक कारण भावनिक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. विद्यापीठाच्या चौकात वाहतुकीत अडकलेला पुणेकर रोज त्याच जमिनीवर उभा असतो. दुसरे कारण चालकांनी सांगितले: पुरेशी नोंदलेली, पुरेशी लहान, आणि दोन्ही सेनापतींना ठाऊक नसलेली एक गोष्ट जमिनीत दडलेली, अशी दुसरी लढाई त्यांच्या संग्रहात नाही.

टेबलाच्या एका कडेने मुळा वाहते. कोपऱ्यात मुळा-मुठेचा संगम आहे आणि तेथे ब्रिटिश रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, एल्फिन्स्टन याची रेसिडेन्सी म्हणून पुठ्ठ्याचा एक बंगला ठेवला आहे. रेसिडेंट तेथून निघून नदीपार खडकीला गेला की त्या बंगल्यावर काळ्या रंगात बुडवलेला कापसाचा बोळा ठेवून तो पेटल्याचे दाखवतात. दुसऱ्या बाजूला गणेशखिंडीच्या टेकड्या थर्माकोलच्या आहेत. टेबलावरचा एक इंच म्हणजे जमिनीवरचे चाळीस मीटर. ब्रिटिशांची, कर्नल बर याच्या हाताखालची सुमारे अठ्ठावीसशे माणसे चौदा बेसमध्ये मावतात. पेशव्यांकडच्या अठरा हजार स्वारांचे नव्वद आणि आठ हजार पायदळाचे चाळीस बेस होतात, शिवाय चौदा तोफा. ब्रिटिशांचे चौदा आणि समोर एकशे तीस, हे मांडलेले दृश्य पाहून भाच्याने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांची भूमिका मागून घेतली. एक मित्र बर झाला, तर दुसरा कॅप्टन फोर्ड. फोर्डची पलटण दापोडीहून येऊन ब्रिटिशांच्या फळीला मिळाली होती. खेळात ती केव्हा पोचेल ते फासा ठरवतो.

उरलेला मी दुसरा बाजीराव झालो. बाजीराव त्या दिवशी पर्वतीवर होता आणि पर्वती टेबलाच्या बाहेर पडते, म्हणून चालकांनी मला खिडकीशी एका उंच स्टुलावर बसवले. तेथून सगळे दिसते, पण हात कोठेही पोचत नाही. मला बोलण्याची मुभा नव्हती. चिठ्ठी लिहून सांडणीस्वाराच्या बेसखाली ठेवायची आणि तो स्वार एका फेरीत बारा इंच सरकत गोखल्यांच्या बेसला जाऊन भिडला, तरच हुकूम लागू व्हायचा. ही युक्ती चालकांची स्वतःची नाही. प्रशियात राइसविट्झ याने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी जो युद्धखेळ मांडला त्यातही पंच मध्ये बसतो, हुकूम लेखी जातात आणि पोचायला वेळ लागतो. पण खडकीला ती जितकी चपखल बसते तितकी क्वचितच कोठे बसत असेल.

पहिली चिठ्ठी छापील असते आणि ती पाठवावीच लागते. तिच्यात पहिली तोफ आपण डागू नये, असा निरोप आहे. असा निरोप बाजीरावाने त्या दिवशी खरोखरच पाठवला होता. माझा सांडणीस्वार टेबलाच्या कडेवरून निघाला, तसे भाच्याने एकदा त्याच्याकडे आणि एकदा पुढे सरकणाऱ्या बरच्या फळीकडे पाहिले. नियमांचे पान उलटून तो म्हणाला, “मामा, तुझा स्वार पोचायच्या आत मी तोफा डागल्या तर चालेल ना? मग तू काय लिहिलंयस ते मला वाचायलाच नको.” चालकांनी मान डोलावली आणि नऊ तोफांचे फासे टेबलावर पडले. भाचा इतिहासाचा विद्यार्थी नाही; बापू गोखल्यांनीही पेशव्यांचा माणूस येताना पाहून, तो काय निरोप आणत असेल हे ओळखून, तो पोचण्याआधीच नऊ तोफांची आघाडी उघडली होती, हे त्याने कधी वाचलेले नव्हते. मी ते वाचलेले होते आणि स्टुलावर बसून मला बोलता येत नव्हते.

आता त्या दलदलीविषयी, कारण या खोलीचे खरे कसब तेथे दिसते. ब्रिटिशांच्या डाव्या बगलेवर सातवी देशी पलटण होती. द पिंटो या पोर्तुगीज अधिकाऱ्याची पेशव्यांकडची पलटण तिच्या अंगावर चालून गेली आणि मागे हटली. तिचा पाठलाग करताना सातवीचे शिपाई विस्कळीत झाले. ती संधी साधून गोखल्यांनी जरीपटक्यासह सहा हजार निवडक स्वार सोडले. पलटणीच्या समोर एक खोल दलदल होती आणि ती दोन्ही बाजूंपैकी कोणालाही ठाऊक नव्हती. पुढचे घोडे तीत कोलमडले, मागचे त्यांच्यावर आदळले, आणि अडखळलेल्या त्या गर्दीवर पलटणीचा मार बसला. आता अडचण अशी की दोघांनाही ठाऊक नसलेली ही दलदल आज खडकीविषयी चार ओळी वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ठाऊक असलेल्या दलदलीत कोणी आपले घोडे घालत नाही. यावर चालकांनी काढलेला तोडगा साधा आहे. ब्रिटिश फळीसमोर ओलसर दिसणाऱ्या सहा जागा आहेत आणि प्रत्येकीवर एक पालथा पत्ता ठेवलेला असतो. एकाच पत्त्यावर दलदल असते. पत्ते खेळाआधी पिसले जातात, म्हणून ते पंचालाही माहीत नसते. घोडा तीन इंचांच्या आत आला की मगच पत्ता उलटायचा.

भाच्याने वीस बेस एकत्र करून सातवीवर घातले तेव्हा टेबलाभोवती कोणी बोलत नव्हते. पत्ता उलटला तो कोरा निघाला. इतिहासात जेथे घोडे रुतले तेथे आमच्या खेळात कोरडी जमीन होती. दलदल नंतर दोन फूट उजवीकडे, कोणीच न गेलेल्या जागी सापडली. घोडे थेट फळीला भिडले, सातवीचा एक बेस मोडला, दुसरा मागे रेटला गेला, आणि भाच्याने टेबलावर मूठ आपटली. पुढच्या फेरीत मागून युरोपियन रेजिमेंटचे दोन बेस आधाराला आले, जवळून बंदुकांची फैर झाली आणि ‘बिथरली का?’ या प्रश्नाला अकरा बेसनी होकार दिला. दलदल नसतानाही हल्ला मोडला. शाळेपासून माझ्या मनात होते की त्या चिखलाने पुणे घालवले. एका खेळावरून इतिहास बदलत नाही, हे मला समजते. पण टेबलावर वाकून पाहिल्यावर जे दिसले ते असे की चौदा बेसच्या अरुंद फळीला एका वेळी जेमतेम वीस स्वार-बेस भिडू शकतात आणि उरलेले सत्तर मागे उभे राहून फासे पाहतात. अठरा हजार हा आकडा कागदावर वाचताना हे दिसत नाही.

आता दोषांकडे येतो. पहिला दोष झाडांचा आहे. गणेशखिंडीच्या पायथ्याशी लाल फुलांनी डवरलेली सातआठ झाडे मांडली आहेत आणि ती पाहताच गुलमोहोर म्हणून ओळखू येतात. गुलमोहोर मूळचा मादागास्करचा. १८१७ च्या पुण्यात तो असण्याचा प्रश्नच येत नाही. हे निदर्शनास आणल्यावर चालकांनी क्षणभर विचार करून तो पांगारा असल्याचे सांगितले. पांगाऱ्याला फुले येतात ती वसंताच्या सुमारास आणि लढाई नोव्हेंबरातली, असे मी म्हटल्यावर त्यांनी झाडे उचलून डब्यात ठेवली आणि त्या जागी ज्वारीच्या शेताचे दोन तुकडे मांडले. हे शेत पूर्वीच मांडायला हवे होते, कारण उभी पिके तुडवत आलेल्या त्या फौजेचे वर्णन मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने केले आहे आणि तो त्या दिवशी स्वतः तेथे हजर होता.

दुसरा दोष पायदळाचा. पेशव्यांच्या पायदळात अरब होते, गोसावी होते, कवायती पलटण होती. येथे सगळे एकाच साच्यातून निघालेले, एकाच पागोट्याचे आणि एकाच पांढऱ्या अंगरख्याचे आहेत. ब्रिटिशांच्या लाल कोटांवरचे पांढरे पट्टे भिंगातून पाहावेत इतके नेटके रंगवणाऱ्या हातांनी आपल्याच फौजेला एका रंगात उरकावे, हे मला खटकले. घोड्यांचे साचे तीनच आहेत. नव्वद बेस एका ठिकाणी आले की निम्मे घोडे एकाच पायावर उभे दिसतात. रेझिनच्या छपाईचे थर टेकडीवरच्या देवळाच्या शिखरावर नखाला लागतात, ते पॉलिश पेपरने घासून काढता आले असते.

तिसरा दोष भूमिकेचा आहे आणि तो वैयक्तिक आहे. पहिल्या चिठ्ठीनंतर मी आणखी चार चिठ्ठ्या पाठवल्या. एक पोचण्याआधी सांडणीस्वार बाणांच्या माऱ्यात सापडला, दोन पोचल्या तेव्हा त्यांतला मजकूर शिळा झाला होता, आणि चौथी भाच्याने वाचून खिशात घातली. बाजीरावाची अगतिकता मला पुरेपूर कळली, हे मान्य. पण माझ्या वाट्याचे साडेचारशे रुपये भरून मी अडीच तास पाठीला टेका नसलेल्या स्टुलावर बसलो होतो. ही भूमिका पंचानेच करावी किंवा तिचे पैसे निम्मे घ्यावेत, अशी सूचना मी केली आहे.

याउलट एक गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी मी पुन्हा ते जिने चढेन. डावाच्या सुरुवातीला, दोन्ही फौजांच्या मधोमध, नांगराला जुंपलेली एक बैलजोडी, शेतकऱ्याच्या दोन आकृत्या आणि दोन काळवीट ठेवलेले असतात. काळवीट तांदळाच्या दाण्याएवढा आहे आणि तरीही त्याच्या पोटाखालचा पांढरा रंग वेगळा दिसतो. खेळात त्यांना काहीही काम नाही. स्वार पुढे सरकले की पंच बैलांचे जू काढून घेतो, शेतकऱ्यांना टेबलावरून उचलतो आणि काळविटांना एका उडीएवढे दूर नेऊन पुन्हा फौजेकडे तोंड करून उभे करतो. त्या दुपारी शेतातली माणसे पळाली, बैल जू तोडून निघाले आणि काळविटे उधळून पुन्हा वळून पाहत राहिली, हे ग्रँट डफने टिपलेले आहे. नव्वद बेस रंगवून झाल्यावर ज्याला काळवीट रंगवावेसे वाटते, त्याच्या गुलमोहोराकडे मी थोडी डोळेझाक करू शकतो.

आणि जरीपटका. तो पेशव्यांच्या बाजूच्या मोर दीक्षितांच्या बेसवर आहे. हल्ल्यात ते ठार झाले ते फोर्डच्या पलटणीच्या तोफेतून सुटलेल्या छऱ्यांनी, आणि फोर्ड त्यांचा मित्र होता. भाच्याने तो बेस उचलला तेव्हा निशाणाची काठी, जी शेवयीएवढी बारीक आहे, त्याच्या बोटांत मोडून आली. तो ओशाळला. चालक शांतपणे म्हणाले, “राहू द्या, त्या दिवशीही शहरातून निघताना मोडली होती.” हे खरे आहे, जरीपटक्याची काठी मोडल्याचा अपशकुन त्या वेळच्या लोकांनी नोंदवून ठेवला आहे. मात्र इतक्या अचूकपणाची आम्ही मागणी केली नव्हती, आणि काठी पितळी तारेची केल्यास ती दर रविवारी फेविक्विकने जोडावी लागणार नाही.

व्यवहाराच्या बाबी थोडक्यात. आगाऊ आरक्षण करावे लागते आणि ते फोनवरच होते. नियम समजायला पाऊण तास जातो व तो चार तासांतच धरला जातो, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी लहान टेबलावरची उंबरखिंड घ्यावी. १६६१ मध्ये कारतलबखानाची लांबलचक फौज सह्याद्रीच्या घळीत अडकली ती लढाई दीड तासात खेळून होते आणि मराठ्यांच्या बाजूने नवखाही चुकत नाही. जिना अरुंद आणि उभा आहे, गुडघे दुखत असलेल्यांनी विचार करून जावे. गाडी लावायला जागा नाही. चहा चांगला असतो, पण टेबलावर कप ठेवलेला दिसला तर चालकांचा आवाज चढतो, आणि तो चढणे रास्त आहे.

निघताना वहीत काहीतरी लिहावे म्हणून भाच्याने पेन घेतले आणि त्यानेही पानिपतच लिहिले. मी असई लिहिले. २३ सप्टेंबर १८०३. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या दुबेळक्यात शिंद्यांच्या पदरच्या पोलमनच्या कवायती पलटणी आणि शंभरच्या आसपास तोफा, आणि समोर साडेचार हजार माणसे घेऊन आलेला ब्रिटिश सेनापती वेलस्ली. नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे आहेत, म्हणजे त्यांच्यामध्ये उतार असलाच पाहिजे, एवढ्या तर्कावर त्याने सैन्य पाण्यात घातले. उतार निघाला, पण पलीकडे पोलमनने आपली सगळी फळी काटकोनात वळवली, जे मराठ्यांना जमेल असे वेलस्लीला वाटले नव्हते, आणि त्या दुपारी त्याची पंधराशेहून अधिक माणसे ठार-जखमी झाली. चालकांनी वही वाचून सांगितले की असईचे टेबल पुढच्या महिन्यात तयार होत आहे, आणि नदीचा उतार कोठे आहे तेही सहा पालथ्या पत्त्यांतच असेल. मी तेथल्या तेथे आरक्षण केले. स्टुलावर मी बसणार नाही, हेही नोंदवून घेतले.